आदानकालाची अखेरची पहाट

ऋतुचर्या शिकताना आदानकाल आणि विसर्गकाल ही दोन नावे प्रत्येक विद्यार्थी प्रथम पाठ करतो. शिशिर, वसंत व ग्रीष्म या तीन ऋतूंत सूर्य उत्तरेकडे सरकत जातो, सृष्टीतील स्नेह व प्राणिमात्रांचे बल हरण करतो, म्हणून तो आदानकाल. वर्षा, शरद व हेमंत या तीन ऋतूंत तो दक्षिणेकडे सरकतो, सोमाचे बल वाढते आणि हरण केलेले क्रमाक्रमाने परत मिळू लागते, म्हणून तो विसर्गकाल. आम्हीही हे पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि पुढे तीस वर्षे रुग्णांना सांगत आलो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे प्रशिक्षणासाठी येणाऱ्या एका विद्यार्थिनीने सहज विचारले, "सर, सूर्य वळतो तो दिवस आपण कधी पाहिला आहे का?" आम्ही तो पंचांगात अनेकदा पाहिला होता. आकाशात एकदाही पाहिला नव्हता.

त्या वर्षापासून दर २१ जूनला पहाटे आम्ही पुण्याच्या वेताळ टेकडीवर जातो. तेथे जे पाहिले, त्यातून आमच्या चिकित्सेत जे बदलले आणि आमच्या हातून झालेली जी एक चूक ध्यानात आली, ते वैद्यबंधुभगिनींसमोर व औषधालयचालकांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वराहमिहिरांनी सांगितलेली रीत

अयनाचा दिवस डोळ्यांनी ओळखावा ही कल्पना नवी नाही. सहाव्या शतकातील अवंतीचे वराहमिहिर यांनी बृहत्संहितेतील आदित्यचाराच्या अध्यायात हा विषय घेतला आहे. पूर्वीच्या शास्त्रांत दक्षिणायनाचा आरंभ आश्लेषा नक्षत्राच्या मध्यापासून सांगितला आहे, आपल्या काळी मात्र तो कर्कराशीच्या आरंभी होतो, असे ते नोंदवतात. ग्रंथात व आकाशात असा फरक आढळल्यास प्रत्यक्ष परीक्षणाने निर्णय करावा, असे सांगून ते दोन उपाय देतात. एक, उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा वेध दूरच्या एखाद्या खुणेच्या आधारे घेणे. दुसरा, मोठ्या वर्तुळात शंकूची सावली कोठून आत येते व कोठून बाहेर जाते त्याच्या खुणा करणे. प्रत्यक्षाला प्रमाण मानणाऱ्या वैद्याला ही रीत परकी वाटू नये.

आम्ही टेकडीवरील एक खडक बसण्यासाठी ठरवून घेतला व ईशान्येच्या बाजूस, दूरवरच्या एका उंच इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी ही खूण धरली. पुण्यात २१ जूनला सूर्य साधारण ५ वाजून ५९ मिनिटांनी उगवतो आणि ठीक पूर्वेला न उगवता पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतो. डिसेंबरात तोच सूर्य तितकाच दक्षिणेकडे असतो. हात लांब करून धरलेली मूठ क्षितिजावर सुमारे १० अंश व्यापते, म्हणजे सूर्योदयाचे स्थान सहा महिन्यांत पाच मुठींएवढे सरकते. मार्च महिन्यात हे स्थान रोज जवळजवळ एका सूर्यबिंबाइतके पुढे जाते. उलट, ११ जून ते २१ जून या दहा दिवसांत मिळून ते एका बिंबाइतकेही सरकत नाही, आणि पुढच्या दहा दिवसांत तेवढेच मागे येते. सूर्य एका दिवसात वळत नाही. तो मंदावतो, थांबल्यासारखा होतो आणि मग परततो.

हे पाहिल्यावर ऋतुसंधीचे वचन आम्हांस नव्याने उमगले. गेल्या ऋतूचे अखेरचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होते, या काळात आधीची चर्या हळूहळू सोडावी व नवी हळूहळू स्वीकारावी, असे वाग्भटांनी सांगितले आहे. आचार्यांनी हा अवधी सूर्योदयाच्या वेधावरून ठरवला असे आमचे म्हणणे नाही. मात्र ज्या क्रमाचा आग्रह ते धरतात, तोच क्रम क्षितिजावरही दिसतो, हे खरे.

दुपारचा अनुभव आणखी विस्मयकारक आहे. त्या दिवशी पुण्यात सूर्य १२ वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास मध्यान्ही येतो आणि माथ्याच्याही किंचित उत्तरेस असतो. एक मीटर उंचीची काठी सरळ रोवली, तर तिची सावली जेमतेम साडेआठ सेंटिमीटर पडते आणि ती दक्षिणेकडे पडते. वर्षातील बहुतेक दिवस माध्यान्ह-सावली उत्तरेकडे पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे एकदा तरी दाखवण्याजोगे आहे.

कोणता दिवस धरावा?

येथे व्यवहारातील एक प्रश्न उभा राहतो. आपल्या प्रचलित निरयन पंचांगांत कर्कसंक्रांत १६ जुलैच्या सुमारास येते आणि पुष्कळ जण दक्षिणायन तेव्हापासून मोजतात. आकाशातील सूर्य त्याआधी जवळजवळ पंचवीस दिवस वळलेला असतो. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकत असल्याने हा फरक साचत आला आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून जे राष्ट्रीय सौर पंचांग अमलात आले, त्यात आषाढाचा पहिला दिवस २२ जून हा आहे. तो प्रत्यक्ष अयनाशी जुळतो.

धर्मकृत्यांसाठी कोणी कोणते पंचांग पाळावे हा आमचा विषय नव्हे. परंतु आदान-विसर्ग हे सूर्याच्या उष्णतेचे व देहबलाचे गणित आहे. ते दिसणाऱ्या सूर्यावरूनच मांडले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मग २१ जूनला सर्वत्र वर्षाऋतुचर्या सुरू करावी काय? तसेही नाही. पाऊस कोकणात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात स्थिरावतो, पुण्यास १० जूनच्या सुमारास पोहोचतो, विदर्भात त्यानंतर. अयनाच्या दिवशी रत्नागिरीचा रुग्ण वर्षाऋतूत पुरता शिरलेला असतो, तर नागपूरचा अजून संधीकाळात असतो. सूर्य सर्वांचा एक, पाऊस ज्याचा त्याचा. बलाचा अंदाज सूर्यावरून आणि अग्नीचा अंदाज आपल्या गावच्या पावसावरून घ्यावा, असे आमचे मत झाले आहे.

सर्वांत मोठा दिवस, सर्वांत उणे बल

२१ जूनला पुण्यात दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरातील लहानात लहान दिवस अकरा तासांचा. सामान्य माणसास वाटते की प्रकाश अधिक तर उत्साह अधिक. चरकाचार्य याच्या उलट सांगतात. आदानाच्या अंती व विसर्गाच्या आरंभी मनुष्याचे बल सर्वांत कमी असते, दोहोंच्या मध्यात ते मध्यम असते, आणि विसर्गाच्या अंती व आदानाच्या आरंभी सर्वोत्तम असते. म्हणजे ज्या पहाटे आम्ही टेकडीवर उभे असतो, ती बलाच्या दृष्टीने वर्षाची तळरेषा होय.

याची प्रचीती त्या आठवड्यातील रुग्णपटावर येते. भूक मंदावली, अंग मोडून आले, सांधे धरले, पोट बिघडले, अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण वाढतात. ग्रीष्मात संचित झालेला वात पहिल्या पावसात प्रकुपित होतो आणि अग्नी मंद झालेला असतो. यात भर पडते ती रुग्णाच्या सवयीची. उन्हाळ्यात अनुज्ञात असलेली दिवसाची झोप आणि गार सरबते जूनअखेर तशीच चालू असतात. आम्ही आता दरवर्षी १४ जूनपासूनच रुग्णांना दुपारची झोप थोडी थोडी कमी करण्यास, पाणी उकळून घेण्यास व जुन्या धान्याकडे वळण्यास सांगतो. चिकित्सेत दीपन-पाचनास आधी स्थान देतो आणि पंचकर्मासाठी आलेल्या रुग्णाचे बल पुन्हा एकदा पाहतो. मे महिन्यात ठरवलेली मात्रा त्या आठवड्यात तशीच देण्याचा मोह टाळावा.

औषधालयचालकांच्या दृष्टीनेही हा दिवस हिशेबाचा आहे. चरकांच्या कल्पस्थानात मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात, कोवळ्या फांद्या व पाने वर्षा व वसंतात, तर साल, कंद व चीक शरदात गोळा करण्यास सांगितले आहे. पंचांगातील ग्रीष्म जुलैच्या मध्यापर्यंत आहे म्हणून तोपर्यंत खणलेली मुळे 'ग्रीष्मसंग्रह' म्हणून स्वीकारली, तर ती प्रत्यक्षात पावसाची असतात. त्यांत ओल राहते, वाळवण्यास ऊन मिळत नाही आणि बुरशी धरते. माल घेताना तो कोणत्या महिन्यात आला एवढेच विचारू नये. त्या भागात पाऊस पडण्यापूर्वी खणला की नंतर, हेही विचारावे.

आमची चूक

आता जे सांगावयाचे ते सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, परंतु सांगणे आवश्यक आहे. टेकडीवरील पहिल्या वर्षाच्या उत्साहात आम्ही कित्येक रुग्णांच्या केसपेपरवर 'रोज उगवता सूर्य पाहावा' असे लिहिले होते. त्यांतील एक निवृत्त शिक्षक. त्यांनी आमचे वाक्य शब्दशः घेतले, त्यास कोठेतरी वाचलेल्या सूर्यत्राटकाची जोड दिली आणि दोन आठवडे रोज बिंब वर चढेपर्यंत टक लावून पाहिले. मग वाचताना ओळीच्या मध्यभागी काळसर डाग दिसू लागला. डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, बाहेरून पूर्ण निरोगी दिसत होता. आम्ही त्यांना तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूस सूर्यप्रकाशाने इजा झाली होती. काही महिन्यांत दृष्टी बरीच सुधारली, पण एका डोळ्यातील डाग पुसट रूपात राहिला तो राहिलाच. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. दोष आमचाच होता.

दृष्टिपटलास वेदना जाणवत नाही, म्हणून इजा होत असताना रुग्णास कळत नाही. सकाळचे सौम्य वाटणारे बिंब मिनिटामिनिटाला प्रखर होत जाते, आणि या इजेवर खात्रीचा उपचार आजही नाही. आणि हे आपल्या ग्रंथांत नव्हते असेही नाही. सूर्याकडे सतत पाहू नये, असा स्पष्ट निषेध वाग्भटांनी दिनचर्येच्या अध्यायातच केला आहे. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात अनिमित्तज लिंगनाश सांगताना अतिभास्वर वस्तूंच्या दर्शनाने दृष्टी जाते, मात्र डोळा वैडूर्यासारखा निर्मळ दिसत राहतो, असे वर्णन केले आहे. आमच्या रुग्णाचा डोळा असाच निर्मळ होता. ग्रंथ कपाटात होता आणि सल्ला आम्ही उत्साहातून दिला होता.

आता आमच्या केसपेपरवरील वाक्य निराळे आहे: 'सूर्योदयाच्या वेळी अर्धा तास मोकळ्यावर असावे; सूर्यबिंबाकडे टक लावून पाहू नये.' जो लाभ हवा तो एवढ्यानेच मिळतो. डोळ्यातील काही विशिष्ट पेशी केवळ उजेडाची जाणीव मेंदूतील कालगणनेच्या केंद्रास पोहोचवतात, आणि झोप, भूक व जाग यांचे चक्र त्यावर जुळते. या देहघड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चा नोबेल पुरस्कार मिळाला. ढगाळ आकाशाखालील सकाळचा उजेडही घरातील दिव्यांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. बिंब दिसलेच पाहिजे असे नाही. आणखी एक खुलासा करावासा वाटतो. 'कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते' असे आपल्यापैकी अनेक जण सांगतात. सूर्य क्षितिजालगत असताना त्यासाठी लागणारे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. सूर्योदयाचे गुण पुष्कळ आहेत, नसलेला गुण त्यास चिकटवू नये.

एक विनंती

२०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून साजरा होतो आणि आपल्या संघटनेचे सभासदही त्या सकाळी सभागृहांत जमतात. यंदा प्रत्येक शाखेने ही सकाळ गावाजवळच्या एखाद्या टेकडीवर, माळावर किंवा नदीकाठी घालवावी, अशी आमची विनंती आहे. सूर्योदयापूर्वी अर्धा तास पोहोचावे. विद्यार्थ्यांना बरोबर घ्यावे. ईशान्येकडील एखादी खूण ठरवावी, उजाडताना क्षितिजाकडे ओझरते पाहून सूर्योदयाचे स्थान वहीत नोंदवावे आणि दुपारी काठीची सावली मोजावी. पाऊस असेल तर छत्री घेऊन जावे व पाऊस आला एवढे नोंदवावे, कारण तीही वैद्याच्या उपयोगाचीच नोंद आहे.

गेल्या चार वर्षांत आम्हांस त्या दिवशी पूर्ण बिंब एकदाच दिसले. एरवी राखाडी उजेड, ओल्या मातीचा वास, कोठेतरी ओरडणारा पावशा आणि झाडीतून येणारी मोरांची केका, एवढेच पदरी पडले. तरीही खाली उतरून दवाखाना उघडल्यावर पहिल्या रुग्णाची नाडी हाती घेताना, हा मनुष्य वर्षातील कोणत्या ठिकाणी उभा आहे, हे आम्हांस पुस्तक न उघडता ठाऊक असते.