परदेशी नांदणाऱ्या आपल्या लेकींचा आहार



ऊस काट्यावर कितीही भरला तरी साखर किती पडणार हे उताऱ्यावर ठरते, हे आपणांस सांगायला नको. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. नुसत्या वजनावरून आतली तब्येत कळत नाही.

आज खेड्यापाड्यांतील मुलीही लग्न होऊन किंवा नोकरीनिमित्त इंग्लंड-अमेरिकेत जातात. "पोरगी बारीक आहे, तिला कसली साखर होतेय?" असे आपण म्हणतो. हा समज घातक आहे. लंडनमध्ये ४० ते ६९ वयाच्या साडेतीन हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. युरोपीय वंशाच्या लोकांत मधुमेह ४ टक्के, तर भारत व शेजारच्या देशांतून आलेल्यांत १९ टक्के आढळला. आपल्या लोकांची चरबी पोटाभोवती साठते. तिच्यामुळे इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, स्वादुपिंडाला जादा इन्शुलिन तयार करावे लागते आणि शेवटी ते थकते.

याचे मूळ इथेच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी भरली, पण त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू.

असे शरीर घेऊन मुलगी परदेशी जाते. तिथे शेतातली कामे नाहीत, पाणी भरणे नाही, दाराशी मोटार असते. भाकरी सुटते. भात, मैदा, बटाटा, तूप वाढते आणि सणाचे गोड रोजचे होते.

म्हणून इंग्लंडमध्ये आपल्याकडच्या लोकांसाठी धोक्याची रेषा खाली आणली आहे. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ५३-५४ किलोंवर गेले की सावध व्हावे. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा. गरोदरपणी २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी करून घ्यावी. त्या वेळी साखर वाढलेली निघाली, तर बाळंतपणानंतर ती उतरली तरी दर वर्षी रक्त तपासावे. ताटात डाळ-उसळ व भाजी जास्त, भात कमी आणि रोज भरभर चालणे, एवढे तरी सांभाळावे.

आता थोडे कडू बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमच्यांच्या आत असणे उत्तम. गूळही त्यातच धरायचा. ऊस आपले पीक आहे म्हणून आपण हे झाकून ठेवणे बरे नव्हे. लेकीला लाडवांचा डबा जरूर पाठवा. पण सोबत ज्वारीचे पीठ, मटकी आणि हुलगेही बांधा. आणि फोनवर "जेवलीस का?" एवढेच विचारू नका. "साखर तपासलीस का?" हेही विचारा.