रोमन कुलूप आणि सोळा रंग

बंद दालनात सापडलेल्या खेळाडूने हाती येईल ती वस्तू निरखून, उचलून आणि दुसरीशी जोडून पाहत बाहेरची वाट शोधावी, या बेताचे संगणकीय खेळ २००४ सालच्या, तोशिमित्सु ताकागी या जपानी रचनाकाराच्या 'क्रिमसन रूम'ने लोकप्रिय केले. परंतु पडद्याच्या तळाशी 'उघड', 'उचल', 'ढकल' अशी क्रियापदे मांडून त्यांवर टिचकी मारीत खेळण्याची रीत १९८७ च्या 'मॅनिअॅक मॅन्शन'पासूनची. आज एखादा हौशी रचनाकार मुद्दाम त्या जुन्या वळणाचा, ३२० बाय २०० ठिपक्यांचा आणि सोळा रंगांचा खेळ रचू पाहतो आणि त्यासाठी प्राचीन रोमन घर निवडतो, तेव्हा त्याला पहिला मोह पडतो तो अंक जुळवून उघडणाऱ्या कुलपाचा.

तो मोह आवरावा, कारण रोमन कुलूप हे स्वतःच एक सिद्ध कोडे आहे. दाराआड सरकणारा कांशाचा अडसर, त्यात विशिष्ट आकृतीची भोके आणि त्या भोकांत वरून पडणाऱ्या खुंट्या, अशी त्याची रचना असे. किल्लीचे दात त्या खुंट्या खालून वर उचलून त्यांची जागा घेत, आणि मग किल्ली फिरवावयाची नसे, आडवी सरकवावयाची असे, म्हणजे अडसरही तिच्यासवे सरके. दारांचे लाकूड नष्ट झाले, तरी असे अडसर उत्खननांत मिळाले आहेत. दातांची आणि भोकांची आकृती एकच, आणि ती मोजक्या ठिपक्यांतही स्वच्छ उमटते. खेळाडूला मात्र आधी अडसर दिसावा आणि किल्ली नंतर. उत्तर हाती येण्यापूर्वी प्रश्न कळलाच पाहिजे, हा 'मॅनिअॅक मॅन्शन'चे एक रचनाकार रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ साली धरलेला आग्रह अद्यापि खरा आहे.

दुसरे साधन मेणपाट्यांचे. पॉम्पेईत १८७५ साली युकुंडस नावाच्या सावकाराच्या घरी दीडशेहून अधिक पाट्यांचे दप्तर सापडले. मेण नाहीसे झाले होते, पण लेखणीचे टोक लाकडापर्यंत रुतल्यामुळे पुष्कळ मजकूर वाचता आला. खेळातही पाटी दिव्यावर धरताच मेण वितळून खालचे ओरखडे दिसावेत, आणि त्यांत रोमन चरित्रकार स्वेटोनिअसने नोंदविलेली, प्रत्येक अक्षराऐवजी तीन स्थाने पुढचे अक्षर लिहिण्याची सीझरची युक्ती असावी. त्यासाठी सव्वीस अक्षरांची तबकडी मात्र रंगवू नये. तत्कालीन लॅटिन वर्णमालेत तेवीसच अक्षरे होती. तासही आपले नव्हेत: सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा भाग होत, म्हणून रोममधला तास भर उन्हाळ्यात सुमारे पंचाहत्तर मिनिटांचा, तर ऐन हिवाळ्यात पंचेचाळीसचा भरे, आणि सातवा तास सुरू होई तो मध्यान्ही.

एक कोनाडा मी तरी १९३८ साली पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्तीसाठी राखून ठेवीन. तिच्याशी शैलीने जुळणारी मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदनला मिळाली आहे. शिवाय तिच्या मस्तकातून खाली उभे छिद्र पाडलेले आहे, आणि चिठ्ठी दडविण्यास याहून सोयीची जागा कोणती?

७९ सालच्या व्हेसूव्हिअसच्या स्फोटाची मुदत घालून खेळाडूस घाई करण्याची तजवीज बहुतेकांना सुचेल. मला ती पसंत नाही, कारण राख कोसळत असता कोणी पाट्या वाचीत बसत नाही. त्यापेक्षा ६२ सालच्या भूकंपानंतर दुरुस्ती चाललेले घर घ्यावे, म्हणजे गिलाव्याचे ढीग आणि कुलूपबंद दालने आपोआपच मिळतात, आणि भिंतींचा तांबडा, पिवळा, काळा एवढ्यावरही चित्राचे भागते.

अडचण उरते ती नायकाची. मालक स्वतःच्याच घरात का कोंडला गेला, हे पटवावे लागते. द्वारपाल मात्र गुलाम असे, काही घरी तर साखळीने दाराशीच जखडलेला असे, म्हणून त्याच्या बाबतीत खुलासा नको. पण त्याला नायक केले की खेळ उंबरठ्यावर संपत नाही, कारण रोमन कायद्याच्या लेखी पळालेला गुलाम हा स्वतःचीच चोरी करणारा चोर ठरे आणि त्याला आश्रय देणाराही दंडास पात्र होई. तेव्हा रस्त्यावर पाऊल पडल्यावर हा मनुष्य कोणाच्या ओळखीवर आणि कोणत्या नावाने वावरणार, याचा निकाल रचनाकाराने दार रंगविण्यापूर्वीच लावलेला असावा.