विश्लेषण : ई-वाहनाच्या बॅटरीची आग विझवणे अवघड का? चार्जिंग कुठे आणि कसे करावे?

पेट्रोल भरायला पंपावर जावे लागते. ई-वाहनाच्या बाबतीत मात्र हा ‘पंप’ घरातच असतो. स्कूटरची बॅटरी काढून हॉलमध्ये चार्जिंगला लावली जाते, मोटार सोसायटीच्या तळघरात रात्रभर प्लगला जोडलेली असते. त्यामुळे या वाहनांच्या सुरक्षेचा प्रश्न रस्त्याइतकाच घर आणि वाहनतळाशी निगडित आहे. बॅटरीच्या आगीचे स्वरूप, २०२२ नंतर बदललेले नियम आणि वाहनधारकांनी घ्यायची काळजी याविषयी…

ई-वाहने अधिक पेट घेतात का?

उपलब्ध आकडेवारी तसे सांगत नाही. स्वीडनच्या नागरी सुरक्षा यंत्रणेच्या माहितीनुसार, २०२२ मध्ये तेथील सुमारे ६ लाख ११ हजार विद्युत आणि हायब्रिड मोटारींपैकी २३ मोटारींना आग लागली. त्याच वर्षी सुमारे ४४ लाख पेट्रोल-डिझेल मोटारींमध्ये आगीच्या सुमारे ३४०० घटना घडल्या. म्हणजे प्रमाण विद्युत मोटारींमध्येच बरेच कमी होते. अर्थात, ई-वाहने तुलनेने नवी आहेत आणि जुन्या वाहनांना आग लागण्याची शक्यता अधिक असते, हेही लक्षात घ्यावे लागते. शिवाय स्वीडनमधील मोटारी आणि भारतातील स्वस्त दुचाकी, ई-रिक्षा यांची थेट तुलना होऊ शकत नाही. आगीच्या घटना कमी असल्या तरी ही आग वेगळ्या प्रकारे वागते आणि ती अनेकदा वाहन उभे असताना किंवा चार्जिंग सुरू असताना लागते, हा मुख्य मुद्दा आहे.

बॅटरी पेटते म्हणजे नेमके काय होते?

ई-वाहनाच्या बॅटरी पॅकमध्ये अनेक लहान सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड, त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा अत्यंत पातळ पडदा आणि ज्वलनशील द्रव असतो. उत्पादनातील दोष, जोराचा आघात, अतिचार्जिंग किंवा आत शिरलेले पाणी यामुळे हा पडदा निकामी झाल्यास सेलमध्ये शॉर्ट सर्किट होते. तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आतील रसायनांचे विघटन सुरू होते. त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेमुळे विघटनाचा वेग वाढतो. एका टप्प्यानंतर ही साखळी थांबवता येत नाही. याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि काही वेळात संपूर्ण पॅक पेट घेतो.

बॅटरीच्या रसायनानुसार धोका बदलतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीत कमी वजनात अधिक ऊर्जा साठते, पण ती तुलनेने कमी तापमानाला बिघडते. लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी बॅटरी अधिक तापमान सहन करते. मात्र, एलएफपी बॅटरी पेटतच नाही, हा समज चुकीचा आहे. तिच्यातूनही ज्वलनशील वायू बाहेर पडतात.

ही आग विझवणे अवघड का?

साधी आग हवेचा पुरवठा तोडला की विझते. बॅटरीच्या आगीत ज्वाळा दबल्या तरी सेलच्या आतली रासायनिक क्रिया सुरूच राहते. काही रसायनांमध्ये तर इलेक्ट्रोडमधूनच प्राणवायू बाहेर पडतो. सोसायटीत टांगलेल्या पावडरच्या सिलिंडरने वरच्या ज्वाळा काही काळ कमी होतात, पण धातूच्या बंद पेटीतील सेल थंड होत नाहीत. त्यासाठी भरपूर पाणी लागते. टेस्ला कंपनीने काही मॉडेलसाठी बचाव पथकांना दिलेल्या मार्गदर्शिकेत हे प्रमाण ३ ते ८ हजार गॅलन, म्हणजे सुमारे ११ ते ३० हजार लिटर सांगितले आहे.

आग विझल्यावरही धोका टळत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मार्च २०१८ मध्ये अपघातग्रस्त झालेल्या एका विद्युत मोटारीची बॅटरी पाच दिवसांनी, मोटार आवारात उभी असताना, पुन्हा पेटली होती. अपघातानंतर बॅटरीत अडकून राहिलेली ऊर्जा हा बचाव पथकांसाठी मोठा धोका असल्याचे तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० च्या अहवालात नमूद केले. धूर हा आणखी एक धोका. त्यात कार्बन मोनॉक्साइडबरोबरच हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असू शकतात.

भारतात २०२२ मध्ये काय घडले?

त्या वर्षी देशात ई-दुचाकींच्या आगीच्या घटना पाठोपाठ घडल्या. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतल्याची चित्रफीत देशभर पसरली. त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागून धुरात गुदमरल्याने वडील आणि मुलीचा मृत्यू झाला. एप्रिलमध्ये नाशिक येथे ४० स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरमधील २० स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये सिकंदराबाद येथे ई-दुचाकींचे शोरूम असलेल्या इमारतीत आग लागली. धूर वरच्या मजल्यांवरील हॉटेलात पसरून आठ जणांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि नंतर दगावला. वेल्लोर, सिकंदराबाद आणि वसई येथील बळींपैकी कोणीही वाहनावर स्वार नव्हते.

नियमांत कोणते बदल झाले?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तज्ज्ञ समिती नेमली आणि तिच्या शिफारशींनुसार दुचाकी-तीनचाकींसाठीच्या एआयएस-१५६ आणि मोटारी, बस व मालवाहू वाहनांसाठीच्या एआयएस-०३८ या मानकांत सुधारणा केल्या. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, तर दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. सेलची गुणवत्ता, बॅटरीवर लक्ष ठेवणारी ‘बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम’, वाहनातील चार्जर आणि पॅकची रचना यांसाठी अधिक कठोर अटी आल्या. एका सेलमधील शॉर्ट सर्किटमुळे आग इतर सेलमध्ये पसरते का, हे तपासणे बंधनकारक झाले. सेलमध्ये पुरेसे अंतर, दाब बाहेर सोडणारी झडप, पाण्यापासून संरक्षण, तापमान वाढल्यास आवाज आणि प्रकाशाद्वारे इशारा या बाबींचाही त्यात समावेश आहे. ही मानके पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियामार्फत प्रसिद्ध होतात.

तरीही धोका कुठे उरतो?

नवे नियम नव्या वाहनांना लागू आहेत. त्याआधी विकली गेलेली वाहने आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या बॅटऱ्या जुन्या होत चालल्या आहेत. कंपनीची बॅटरी महाग पडते म्हणून स्थानिक दुकानातून सेल बदलून घेणे किंवा जास्त क्षमतेचा पॅक बसवणे, असे प्रकार होतात. अशा पॅकची कोणतीही चाचणी झालेली नसते. चार्जरचेही तसेच. प्लग बसतो म्हणून दुसऱ्या कंपनीचा चार्जर वापरल्यास व्होल्टेज जुळेलच असे नाही. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम निकृष्ट असेल तर अतिचार्जिंग थांबवणारी दुसरी यंत्रणा उरत नाही. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या स्कूटरना नोंदणी आणि परवाना लागत नाही. त्यामुळे त्या घेताना विक्रेत्याकडे चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मागणे ग्राहकाच्याच हिताचे असते.

घरी चार्जिंग करताना काय काळजी घ्यावी?

बॅटरी किंवा स्कूटर दारात, जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर चार्जिंगला लावू नये. आग लागल्यास सुटकेचा मार्गच बंद होतो. झोपायच्या खोलीत आणि सगळे झोपलेले असताना चार्जिंग टाळावे. गादी, पडदे, कागद यांपासून बॅटरी दूर आणि कठीण फरशीवर ठेवावी.

वाहन चालवून आल्यावर बॅटरी तापलेली असते. ती थंड झाल्यावरच चार्जिंगला लावावी. लिथियम-आयन बॅटरीसाठी चार्जिंगची सुरक्षित तापमान मर्यादा साधारण ४५ अंशांपर्यंत मानली जाते. विदर्भात मे महिन्यात हवेचेच तापमान तेवढे असते. अशा दिवसांत दुपारी उन्हात चार्जिंग करू नये. बॅटरी फुगली असेल, गळत असेल, आदळली असेल किंवा तिला वेगळा वास येत असेल तर ती वापरू नये.

मोटारीसोबत मिळणारा ३.३ किलोवॉटचा चार्जर सुमारे १४ अँपिअर वीज सलग काही तास खेचतो. त्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, योग्य जाडीची वायर आणि चांगले अर्थिंग हवे. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवल्यास गळती होताच वीज तुटते. प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल तर चार्जिंग थांबवून वायरमनला दाखवावे.

सोसायटीच्या तळघरात वाहन ठेवणे धोक्याचे आहे का?

दक्षिण कोरियातील इंचॉन येथे १ ऑगस्ट २०२४ रोजी निवासी संकुलाच्या भूमिगत वाहनतळात विद्युत मोटारीने पेट घेतला. मोटार चार्जिंगला लावलेली नव्हती. आग विझवायला आठ तासांहून अधिक वेळ लागला आणि शंभराहून अधिक मोटारींचे नुकसान झाले. आगीच्या वेळी स्प्रिंकलर यंत्रणा बंद करण्यात आल्याचे तपासात समोर आले.

स्प्रिंकलर एखाद्या पेटलेल्या बॅटरीला विझवू शकेलच असे नाही, पण शेजारच्या वाहनांना आग लागणे तो रोखू शकतो. त्यामुळे ई-वाहनांना सोसायटीत प्रवेश नाकारण्यापेक्षा अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे अधिक उपयोगी आहे. चार्जिंगची जागा शक्यतो मोकळ्या हवेत किंवा तळघराच्या प्रवेशाजवळ, जिने आणि लिफ्टपासून दूर असावी. अग्निशमन दलाला तिथपर्यंत पोहोचता यावे. चार्जिंगची वीज बाहेरून तोडता येईल असा ठळक मुख्य स्विचही हवा. चार्जिंगला अधिकृत जागा मिळाली नाही तर रहिवासी खिडकीतून वायर सोडतात. तो धोका अधिक मोठा असतो.

वाहन पुराच्या पाण्यात बुडाल्यास?

अनेक बॅटरी पॅकना ‘आयपी ६७’ दर्जा असतो. याचा अर्थ एक मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवल्यावरही आत पाणी शिरत नाही. रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यातून जाण्यासाठी हे पुरेसे आहे, रात्रभर पाण्याखाली राहण्यासाठी नाही. खारे पाणी अधिक घातक ठरते. ते सुकल्यावर मागे राहणाऱ्या मिठाच्या थरातून वीज वाहू शकते. अमेरिकेतील फ्लोरिडात २०२२ मधील ‘इयन’ चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विद्युत मोटारी नंतर पेटल्या होत्या. कोकण किनारपट्टी आणि मुंबईतील खाडीलगतच्या भागासाठी ही बाब महत्त्वाची आहे. बुडालेले वाहन सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये. ते इमारतीपासून दूर मोकळ्या जागेत ठेवून सेवा केंद्राला कळवावे.

हायब्रिड मोटारींचे काय?

स्ट्राँग हायब्रिड मोटारीची बॅटरी लहान, साधारण एक-दोन किलोवॉट-तास किंवा त्याहून कमी क्षमतेची असते. मात्र, तिचे व्होल्टेज जीवघेणे असू शकते आणि सोबत पेट्रोलची टाकीही असते. मोटार थांबलेली आणि इंजिन बंद असले तरी यंत्रणा चालू असू शकते. डॅशबोर्डवरील ‘रेडी’ दिवा विझल्याशिवाय मोटार बंद आहे असे समजू नये. विद्युत आणि हायब्रिड मोटारींमध्ये उच्च दाबाच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात. त्यांना गॅरेजमधील अप्रशिक्षित व्यक्तीने हात लावू नये. अपघातात एअरबॅग उघडल्यास बॅटरीचा इतर भागांशी असलेला संपर्क आपोआप तुटण्याची व्यवस्था बहुतेक मोटारींत असते, पण बॅटरीतील ऊर्जा तशीच राहते. बंद पडलेली मोटार दोरीने ओढू नये. चाके फिरल्यास मोटरमध्ये वीज तयार होते. ती चारही चाके उचलून न्यावी.

धूर दिसल्यास सर्वप्रथम काय करावे?

बॅटरीतून येणारा पांढरा धूर वाफेसारखा दिसतो. सोबत फटफट किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो. ही आग लागण्यापूर्वीची सूचना असते आणि हाताशी वेळ फार थोडा असतो. मुख्य स्विच सुरक्षित अंतरावर असेल तरच बंद करावा. बॅटरी उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. घरातील सर्वांना बाहेर काढून खोलीचे दार ओढून घ्यावे, लिफ्टऐवजी जिन्याने उतरावे आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवताना वाहन विद्युत असल्याचे आवर्जून सांगावे. आग विझल्यानंतरही ते वाहन इमारत आणि इतर वाहनांपासून किमान १५ मीटर दूर, मोकळ्या जागेत ठेवावे.