माणकजी करसेटजी : न्यायाधीश आणि फ्रीमेसन

मुंबईत भायखळ्याला 'खडा पारशी' नावाचा पुतळा आहे. उंच खांबावर उभे असलेले हे गृहस्थ कोण, असं विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही. ते शेठ करसेटजी माणकजी. पण आज बोलायचं आहे ते हे स्मारक उभारणाऱ्या त्यांच्या चिरंजीवांविषयी. माणकजी करसेटजी यांचा जन्म १८०८ सालचा, मृत्यू १८८७ सालचा. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ते न्यायाधीश होते. आणि फ्रीमेसन पंथाचं मुंबईतलं दार हिंदी माणसाला उघडलं गेलं, ते प्रामुख्यानं त्यांच्यामुळं.

फ्रीमेसन म्हटलं की आपल्याला काहीतरी गूढ वाटतं. त्यांच्या सभागृहाला लोक 'जादूघर' म्हणत. वास्तविक त्यात जादू काही नाही. युरोपातल्या गवंड्यांच्या जुन्या संघांची परंपरा या पंथानं आपली मानली, आणि गवंड्याचा गुण्या व कंपास ही त्याची बोधचिन्हं झाली. गुण्यासारखी वागणूक सरळ असावी, कंपासानं आखावी तशी वासनांना मर्यादा असावी, हा त्यांचा अर्थ. ईश्वरावर श्रद्धा हवी, मग धर्म कोणताही असो. आणि सारे सभासद एकमेकांचे बंधू. पंथाच्या शाखेला 'लॉज' म्हणतात.

हे झालं तत्त्व. व्यवहार मात्र निराळा होता. नवा उमेदवार आला की गुप्त मतदान होई. पसंती असेल त्यानं पेटीत पांढरा गोळा टाकायचा, नसेल त्यानं काळा. मोजके काळे गोळे पडले की अर्ज संपला! गोळा कोणी टाकला, का टाकला, हे विचारायची सोय नाही. मुंबईतली लॉजं त्या वेळी गोऱ्या साहेबांची होती. माणकजींना तिथं प्रवेश मिळेना.

असा अनुभव त्यांना नवा नव्हता. १८०४ साली मुंबईत स्थापन झालेल्या विद्वत्सभेत, म्हणजे पुढच्या एशियाटिक सोसायटीत, कित्येक वर्षं एकही हिंदी सभासद नव्हता. लंडनच्या मूळ संस्थेनं माणकजींना आधी मान्यता दिली, आणि मग १८४०च्या सुमारास मुंबईकरांनी त्यांना आत घेतलं. लॉजच्या बाबतीतही वळसा विलायतेचाच पडला. युरोपच्या प्रवासात, १८४३ साली, पॅरिसच्या एका लॉजनं त्यांना रीतसर दीक्षा दिली. जो पॅरिसमध्ये बंधू, तो मुंबईत परका कसा? या प्रश्नाला उत्तर देणं आता कठीण झालं. स्कॉटिश शाखेचे इथले प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स उदार वृत्तीचे होते. त्यांच्या पुढाकारानं डिसेंबर १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज निघालं, ते हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणूनच. प्राच्यविद्यापंडित खरशेटजी रुस्तमजी कामा पुढं याच लॉजमध्ये आले. कलकत्त्यात मात्र 'हिंदू अनेक देव मानतात' हा आक्षेप बरीच वर्षं आड आला. प्रसन्नकुमार दत्त यांना १८७२ पर्यंत थांबावं लागलं.

आता न्यायाधीश माणकजींकडे वळू. स्मॉल कॉज कोर्ट १८५०च्या कायद्यानं आलं. त्या कायद्याप्रमाणं पाचशे रुपयांपर्यंतचे दावे तिथं चालत. उधारीचा माल, थकलेली मजुरी, असल्या तक्रारी घेऊन सामान्य माणूस तिथं येई. रक्कम लहान, पण ती ज्याची बुडाली त्याच्या दृष्टीनं मोठीच. मुंबईच्या हायकोर्टात नानाभाई हरिदास हंगामी न्यायमूर्ती झाले ते १८७३ साली. तोवर हिंदी माणसाला न्यायासन मिळे ते अशाच खालच्या कोर्टांत. काळ्या गोळ्याला कारण द्यावं लागत नाही. न्यायाधीशाला मात्र दोन्ही बाजू ऐकून मगच निकाल देता येतो. ज्याला स्वतःची बाजू मांडायची संधी कधी मिळाली नव्हती, तो माणूस आता इतरांची बाजू ऐकायला बसला होता.

त्यांचं सर्वांत टिकाऊ काम मात्र कोर्टातही नाही आणि लॉजमध्येही नाही. मुलींच्या मराठी-गुजराती शाळा मुंबईत १८४९ पासून होत्या. माणकजींनी आपल्या मुलींना घरीच इंग्रजी शिकवलं होतं. १८६३ साली त्यांनी हिंदी मुलींसाठी 'अलेक्झांड्रा' ही इंग्रजी शाळा काढली. त्याच वर्षी इंग्लंडच्या युवराजाशी विवाह झालेल्या राजकन्येचं नाव तिला दिलं. मुलींना इंग्रजी कशाला, म्हणून स्वजातीयांनीच नाकं मुरडली. शाळेचा फायदा प्रामुख्यानं पारशी आणि सुखवस्तू घरांना झाला, हेही खरं.

तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या पंथात शिरण्यासाठी माणकजी इतके झगडले, त्यात स्त्रियांना मुळीच प्रवेश नव्हता. ती रीत त्यांनी बदलली नाही. पण आपण दारं ठोठावून आत गेलो, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही; मुलींसाठी त्यांनी निराळं दार उघडलं. नाकारलं गेल्याचा राग पुष्कळांना येतो. त्या रागातून दुसऱ्यासाठी वाट काढणारे थोडे. माणकजींना आठवायचं ते त्यासाठी.