विश्लेषण : रायफल नेमबाजीचे जॅकेट कधी घ्यावे, कसे निवडावे?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत जिंकलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. तो सामना मोबाइलवर पाहताना नेमबाजांच्या अंगातील जाड, ताठ, रंगीबेरंगी कोटाने अनेकांचे लक्ष वेधले. लाकडी बाहुलीसारखे अवघडून चालायला लावणारा हा कोट म्हणजेच ‘शूटिंग जॅकेट’. छत्रपती संभाजीनगरात एअर रायफल शिकू लागलेल्या मुलामुलींच्या घरी काही महिन्यांतच त्याच्या खर्चाचा विषय निघतो. घाईत घेतलेले जॅकेट पैसे वाया घालवते, पाठदुखीला आमंत्रण देते आणि वेळप्रसंगी स्पर्धेतूनही बाहेर काढते.

जॅकेट नेमके काय करते?

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचे असते. खेळाडूला ७५ मिनिटांत ६० फैरी झाडायच्या असतात आणि रायफलचे वजन नियमानुसार साडेपाच किलोपर्यंत असू शकते. ४५ किलो वजनाच्या मुलीसाठी हा भार तिच्या वजनाच्या जवळपास आठव्या हिश्श्याएवढा, आणि तोही शरीराच्या पुढच्या बाजूला. नळीचे टोक केसभर हलले तरी दशांश गुण हातचे जातात.

हा भार दंडाच्या जोरावर तासभर पेलता येत नाही. म्हणून नेमबाज डावे कोपर बरगड्यांवर किंवा कमरेच्या हाडावर टेकवतो, पाठ किंचित मागे झुकवतो आणि वजन हाडांवरून थेट जमिनीत उतरवतो. यात कण्याच्या खालच्या भागाला पीळ बसतो. जॅकेट त्या भागाला चहूबाजूंनी आधार देते, हृदयाचे ठोके रायफलपर्यंत पोहोचण्याआधी मंदावते आणि खांद्यावरचा बट घसरू देत नाही. झोपून किंवा गुडघ्यावर बसून नेम धरताना दंडावर ओढला जाणारा स्लिंगचा पट्टा रुतू नये, कोपर घसरू नये, हेही त्याचेच काम. उभ्याने नेमबाजी करताना स्लिंग वापरायला परवानगी नसते, त्यामुळे फक्त एअर रायफल खेळणाऱ्याला ही शेवटची सोय फारशी लागत नाही.

मग पहिल्याच महिन्यात का घेऊ नये?

कारण जॅकेट पवित्रा शिकवत नाही, असलेला पवित्रा पक्का करते. पाय किती अंतरावर ठेवायचे, कंबर किती पुढे काढायची, कोपर कुठे टेकवायचे, हे पहिल्या काही महिन्यांत रोज बदलत असते. त्या काळात ताठ जॅकेट चढवले, तर चुकीचा पवित्राही आरामदायक वाटू लागतो आणि पुढे तो मोडताना मुलाचे वर्षभर जाते. साध्या टी-शर्टवर किंवा रेंजवरच्या सामाईक जॅकेटमध्ये सुरुवात करावी. रायफल खांद्याला लावल्यावर तोल रोज एकाच जागी येऊ लागला, की जॅकेटची वेळ आली असे समजायला हरकत नाही. हा निर्णय प्रशिक्षकाचा. पालकांनी दुसऱ्याच्या मुलाकडे आहे म्हणून घाई करू नये, हे सांगायला सोपे आणि पाळायला अवघड आहे. तोवर तेच पैसे पेलेट आणि सरावाच्या शुल्कावर खर्च झाले, तर गुणपत्रिकेवर लवकर दिसतात.

दुसरीकडे, जॅकेट वर्षानुवर्षे लांबवणेही बरे नव्हे. सराव दीड-दोन तासांवर गेला, पूर्ण वजनाची रायफल आली आणि मूल कंबर दुखते म्हणू लागले, तर आधार हवाच. दुखणे रेंटून सराव करू नये, आधी डॉक्टरांना आणि प्रशिक्षकाला दाखवावे.

नियम काय सांगतात?

जॅकेट जितके ताठ तितका आधार जास्त. हे असेच चालू राहिले असते, तर नेमबाज प्लास्टरच्या साच्यात उभे राहिले असते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ म्हणजे आयएसएसएफने जाडी, ताठपणा आणि सैलपणा यांवर मर्यादा घातल्या आहेत. कापड अस्तरासह एका पदरात २.५ मिलिमीटरपेक्षा आणि दुपदरी ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको. कोपर आणि बटाच्या जागी लावलेले मजबुतीचे तुकडे धरून जाडी १० मिलिमीटरपर्यंत चालते. ताठपणा मोजणाऱ्या यंत्रावर कापड वजनाखाली किमान ३ मिलिमीटर दबले पाहिजे, त्याहून कमी दबले तर ते जास्त ताठ ठरते.

बटणे लावल्यावर जॅकेट अंगावर सैल राहायला हवे. त्याची कसोटी अशी : नेहमीच्या बटणाच्या जागेपलीकडे जॅकेटची कड आणखी किमान ७० मिलिमीटर ओढता आली पाहिजे. दोन्ही हात बाजूला सोडून मुठी वळल्या, की जॅकेटची खालची कड मुठीच्या खाली जाता कामा नये. बांधता, आवळता येतील असे पट्टे, दोऱ्या चालत नाहीत. बाहेरून खिसा एकच असतो.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तपासणीत उतरलेल्या जॅकेटला क्रमांकाचे सील लागते आणि खेळाडूला एकच जॅकेट वापरता येते. कुसाळेसारखा थ्री पोझिशनचा खेळाडू गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने अशा तिन्ही अवस्थांत त्याच एका जॅकेटमध्ये प्रत्येकी २० फैरी झाडतो. सील लागल्यावर केलेला बदल महागात पडू शकतो.

स्पर्धेआधीच्या तपासणीत काही खटकले, तर दुरुस्तीला वाव असतो. स्पर्धेनंतर अचानक होणाऱ्या तपासणीत मात्र जॅकेट नियमात बसले नाही, तर झाडलेल्या साऱ्या गोळ्या पाण्यात जातात. नियमपुस्तिका वेळोवेळी बदलते, म्हणून खरेदीआधी चालू आवृत्ती आणि ज्या स्पर्धेत उतरायचे तिचे परिपत्रक दोन्ही वाचावे. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट असतात. आपल्या गटात कोणते साहित्य चालते, हे पैसे भरण्याआधी विचारलेले बरे.

माप कसे घ्यावे?

सर्वाधिक चुका इथे होतात. शाळेचा गणवेश जसा वाढत्या अंगाचा घेतात, तसे जॅकेटही दोन मापे मोठे घेण्याकडे घरच्यांचा कल असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची उंची वर्षभरात कशी झपाट्याने वाढते ते पाहता हा विचार समजण्यासारखा आहे. पण खांद्याची शिवण दंडावर उतरली, तर बटाची गादी भलत्याच जागी येते, कोपराची गादी मनगटाकडे सरकते आणि पाठीत कापडाचा फुगा तयार होतो. आधारच उरत नाही.

मध्यम मार्ग आहे. खांदा, पाठीची रुंदी आणि बाहीची लांबी आजच्या मापाची असावी, छाती-कमरेचा घेर मात्र थोडा मोकळा चालेल, कारण बटणे सरकवून तो वाढवता-घटवता येतो. सुरुवातीला बटणे आत घ्यावीत, मूल भरले की बाहेर न्यावीत. त्यालाही मर्यादा आहे : बटणे लावल्यावर जॅकेटचे दोन पल्ले एकमेकांवर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त चढू नयेत. घेतल्यापासून दीड-दोन वर्षे जॅकेट पुरले, तर पैसे वसूल झाले असे मानावे.

माप घेताना अंगात तेच कपडे असावेत जे जॅकेटच्या आत घालायचे आहेत, म्हणजे एक साधा टी-शर्ट किंवा पातळ स्वेटशर्ट. छाती फुगवून, पोट आत ओढून उभे राहू नये. फक्त फीतीच्या आकड्यांवर न थांबता रायफल उचलून, प्रत्यक्ष पवित्र्यात पाहावे. डावा हात वर गेल्यावर जॅकेट मानेकडे चढते का? कॉलर गालाला किंवा रायफलला लागते का? श्वास घेताना बटणांवर ताण येतो का? डावे कोपर टेकते त्या जागी कापडाची घडी पडते का? यातला शेवटचा प्रश्न मुलींसाठी विशेष महत्त्वाचा. मुलींचे कोपर बहुधा कमरेच्या हाडावर नीट विसावते, त्यामुळे तिथे कापडाची जाड सुरकुती आली तर प्रत्येक फैरीला कोपर वेगळ्या जागी बसते. मुलांसाठी बेतलेले जॅकेट मुलीला दिले, की नितंबांवर घट्ट आणि छातीवर ढगळ होते. डावखुऱ्यांसाठी सगळेच उलटे असते, मागणी नोंदवताना ते स्पष्ट लिहावे.

पंधरा मिनिटे अंगात ठेवून पाहिल्याशिवाय जॅकेटबद्दल मत बनवू नये. पहिली दोन मिनिटे सगळीच जॅकेट भक्कम वाटतात.

कॅनव्हास की चामडे?

कॅनव्हासचे जॅकेट हलके आणि तुलनेने स्वस्त असते, घामाने आणि वापराने काही काळात मऊ पडते. चामडे किंवा स्वेड अंगाला हळूहळू बसते, जास्त टिकते, पण जड आणि उबदार असते. बाजारात दोन्हींचे मिश्रण असलेली आणि कृत्रिम कापडाची जॅकेटही मिळतात. नवशिक्यासाठी कॅनव्हास किंवा मिश्र कापड पुरेसे आहे. संभाजीनगरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, अशा वेळी वातानुकूलन नसलेल्या रेंजवर पूर्ण चामड्यात दोन तास उभे राहणे लहान मुलाला झेपत नाही. फैरींच्या मध्ये बटणे उघडावीत, पाणी प्यावे, चक्कर आल्यासारखे वाटले तर सराव थांबवावा.

हवेचा परिणाम जॅकेटवरही होतो. थंड, कोरड्या हवेत आणि वातानुकूलित दालनात कापड, विशेषतः चामडे, आखडते. मे महिन्यात मऊ वाटणारे जॅकेट डिसेंबरात मापकावर नापास होऊ शकते. म्हणून ताठपणाच्या अगदी काठावरचे जॅकेट नवशिक्याने घेऊ नये, विक्रेत्याने ‘सर्वात कडक’ म्हणून कितीही कौतुक केले तरी.

देशी, परदेशी की वापरलेले?

भारतात तयार होणारी जॅकेट आणि युरोपातील खास मापाची जॅकेट यांच्या किमतीत काही पटींचा फरक असतो. परदेशी जॅकेटला आयातीचा खर्च वेगळा, आणि माप चुकले तर परत पाठवणे जिकिरीचे. वाढत्या वयाच्या मुलाला ते घेण्यात हशील नाही. वाढ थांबल्यावर, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर गुण स्थिरावल्यावर त्याचा विचार करावा.

रेंजवरच्या मोठ्या खेळाडूचे लहान झालेले जॅकेट हा उत्तम पर्याय ठरतो, पण पारखून घ्यावा. आत जादा अस्तर शिवले आहे का, कोपरावरचे रबर सुटले आहे का, चामड्याला चिरा आहेत का, हे पाहावे. जुन्या नियमांच्या काळातले जॅकेट असेल तर जास्तच सावध राहावे. वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे या शहरात व्हर्नियर कॅलिपर हाताळणारे अनेक घरांत सापडतात, त्याने जाडीचा अंदाज घेता येतो. अर्थात तो अंदाजच. अधिकृत मापकात कापडावर ५ किलोचा दाब देऊन जाडी मोजतात, कॅलिपरचा दाब हाताच्या सवयीवर ठरतो. आकडा काठावर आला, तर ज्या रेंजवर मापक आहे तिथे नेऊन खात्री करावी. अल्टरेशन साध्या शिंप्याकडून करून घेताना जाड पदर एकावर एक चढणार नाहीत याकडे लक्ष द्यावे, शिवणीवरच बहुतेकदा मर्यादा ओलांडली जाते.

सांभाळायचे कसे?

जॅकेट घडी घालून कपाटात कोंबू नये. रुंद हँगरवर टांगावे, घाम वाऱ्यावर सुकू द्यावा, भर उन्हात टाकू नये आणि वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच घालू नये. घामातले क्षार चामडे कडक करतात, त्यामुळे सरावानंतर आतली बाजू ओलसर फडक्याने पुसून घ्यावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते सोडू नये. मुंबईला वरळीच्या रेंजवर किंवा पुण्यात बालेवाडीला स्पर्धेसाठी जाताना जॅकेट रायफलच्या पेटीखाली दाबले जाणार नाही असे ठेवावे. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास असेल तर ते वरच्या बर्थवर पसरून ठेवलेले चांगले. पोहोचल्यावर तपासणीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी ते मोकळे टांगावे, एकदा अंगात घालून बटणे, मूठ आणि ७० मिलिमीटरची ओढ तपासावी. बटण सरकवायचे असेल, तर सुई-दोरा किटमध्येच असू द्यावा.