काळा चबुतरा की क्रांती चौक? एका चौकाचं संशोधन कुठून सुरू करायचं

‘क्रांती चौकाचा इतिहास’ असा विषय घेऊन तुम्ही आरआरसीसमोर गेलात, तर दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न येईल: कोणता इतिहास? माझ्या पहिल्या सिनॉप्सिसवर नेमकं हेच शीर्षक होतं. गाईडनी त्याभोवती पेन्सिलने गोल केला आणि कागद परत दिला. बोलले काहीच नाहीत. पेटची तयारी करणाऱ्यांनी त्या गोलाचा अर्थ आधीच समजून घेतलेला बरा, म्हणून हे लिहितोय.

मी फर्दापूरचा. आमच्याकडे चौक म्हणजे टी-पॉइंट. अजिंठा लेणी बघायला आलेल्यांच्या गाड्या तिथे थांबतात आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने जावं लागतं. लेण्यांपाशी धूर नको, म्हणून गाड्या अलीकडेच अडवायचं ठरलं आणि त्या एका निर्णयाने तिथे दुकानं आली, रांगा आल्या, गजबज आली. नुसते दोन रस्ते मिळाले म्हणून चौक होत नाही. लोकांना तिथे थांबावं लागलं की होतो. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाकडे मी शेवटी याच नजरेने बघायला लागलो: इथे कोण थांबलं, आणि कोणाच्या हुकमाने?

नकाशा आधी डोळ्यांपुढे आणा. जुन्या शहराच्या पैठण गेटकडून उस्मानपुरा आणि रेल्वे स्टेशनकडे जाणारा रस्ता जिथे जालना रोडला छेदतो, तो हा चौक. म्हणजे तटबंदीच्या बाहेर. आज शहराच्या मधोमध वाटतो, पण 1857 साली ही गावाबाहेरची मोकळी जागा होती. जुनी माणसं तिला काळा चबुतरा म्हणत आली.

त्या वर्षी जून महिन्यात इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचं पहिलं घोडदळ होतं. आपल्याला दिल्लीला बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी बातमी शिपायांत पसरली आणि त्यांनी हुकूम मानायचं नाकारलं. पुण्याहून महूकडे निघालेली जनरल वुडबर्नची फौज इकडे वळवण्यात आली आणि 24 जूनच्या सुमारास ती शहरात पोचली. मग शिपायांना रांगेत उभं करून पुढाऱ्यांची नावं पुकारणं, गोंधळ, काहींचं निसटणं, लष्करी न्यायालय आणि देहदंड. काहींना तोफेच्या तोंडी दिलं. मीर फिदा अली नावाच्या दफेदाराला फाशी झाली, कारण त्याने आपल्या कमांडिंग ऑफिसरवर, कॅप्टन अ‍ॅबटवर, गोळी झाडली होती.

इथे जरा थांबा. फिदा अलीचं नाव आपल्याला माहीत आहे, बाकीच्या बहुतेकांची नाहीत. असं का? तो सर्वांत शूर होता म्हणून? तसं म्हणायला आपल्याकडे आधार नाही. त्याने एका इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली, म्हणून अधिकाऱ्यांच्या कागदात त्याला नावानिशी जागा मिळाली. नोंद करणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटतं तेच नोंदीत येतं. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत उरकतात, पण चार वर्षं कागद चाळताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते.

आता शब्द बघा. इंग्रज लेखक या घटनेला बंड म्हणतात. पाटीवर क्रांती आहे. आणि शहराच्या तोंडी राहिलेलं नाव यातलं काहीच म्हणत नाही, ते नुसता चबुतऱ्याचा रंग सांगतं! तिन्ही शब्द साधनं आहेत, पण एका काळाची नाहीत. ‘1857 मध्ये क्रांती चौकात फाशी दिली’ असं वाक्य मी स्वतः लिहिलंय. त्यात मी आजचं नाव दीडशेहून जास्त वर्षं मागे ढकललं, हे लक्षात यायला वेळ लागला.

आणखी एक गाठ सोडवून ठेवा. ‘देहदंड झाला’ हे एक विधान आणि ‘इथेच झाला’ हे दुसरं. पहिल्याला लष्करी कागदपत्रांचा आधार आहे. दुसरं मुख्यतः लोकांच्या आठवणीतून आणि त्या नावातून येतं. लोकस्मृती कमी दर्जाचा पुरावा असते असं मला वाटत नाही, पण ती वेगळ्या जातीचा पुरावा आहे. व्हायव्हामध्ये दोन्हींची गल्लत केलीत तर वाचवायला कोणी येणार नाही.

या खटल्यांचा परिणामही शहरापुरता राहिला नाही. वुडबर्नने इथे मुक्काम लांबवू नये, पुढे निघावं म्हणून मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन मागे लागला होता. फौज इथेच असताना 1 जुलैला इंदूर आणि महूला उठाव झाला.

पुढच्या काळाबद्दल थोडक्यात, कारण तो प्रत्येकी एक स्वतंत्र प्रबंध आहे. 9 ऑगस्ट 2016 ला मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा याच चौकातून निघाला. जालना रोडवर उड्डाणपूल झाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जुना पुतळा पुलापुढे ठेंगणा दिसू लागला. उंची वाढवायची मागणी झाली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये चौथऱ्यासह 52 फूट उंचीचा नवा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. वाहतुकीसाठी बांधलेल्या पुलाने स्मारकाची उंची ठरवली, हे मला कुठल्याही सिद्धान्तापेक्षा जास्त शिकवून गेलं.

तर कागद कुठे शोधायचे? कंटिंजंटवर हुकूम इंग्रजांचा, खर्च निझामाचा. याच खर्चापोटी 1853 च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यामुळे कागदही दोन ठिकाणी विभागलेत. इंग्रजी पत्रव्यवहारासाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि मुंबईचं पुराभिलेखागार, निझामाच्या बाजूसाठी हैदराबाद. 1884 चं औरंगाबादचं गॅझेटिअर आधी वाचा, ते तुलनेने सहज मिळतं. पण लक्षात असू द्या, तेही घटनेनंतर 27 वर्षांनी छापलेलं आहे.

हैदराबादचे जुने कागद फारसीत, नंतरचे उर्दूत. मराठवाड्यावर काम करायचं आणि फक्त मराठी-इंग्रजी यायची, म्हणजे अर्धं कपाट कुलूपबंद. पेटच्या अभ्यासात रोज अर्धा तास काढून उर्दू लिपी गिरवायला घ्या. मी तिसऱ्या वर्षी सुरुवात केली, आणि अजून नुक्त्यांत अडकतो.