गीझरला बिनतारी कळ बसविताना घ्यावयाची काळजी

अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसरात हिवाळ्याची पहाट कडक थंडीची असते आणि पावसाळ्यात तर घराच्या भिंतीही ओल धरतात. जलाशय पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांची सोय अनेक कुटुंबे आपल्या घरीच करतात. त्यांना स्नानास ऊन पाणी द्यावे लागते. भातलावणीच्या दिवसांत घरची माणसे खाचरात असतात. अशा वेळी मोबाईलवरून गीझर चालू-बंद करणारी बिनतारी कळ, म्हणजेच स्मार्ट स्विच, सोयीची वाटावी हे स्वाभाविक आहे. तथापि ही कळ केवळ चालू-बंद करण्याचे साधन आहे, संरक्षणाचे नव्हे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

230 व्होल्ट दाबावर 2000 वॅटचा गीझर सुमारे 8.7 अँपिअर, तर 3000 वॅटचा सुमारे 13 अँपिअर प्रवाह घेतो. 10 अँपिअर असे लिहिलेली कळ 2000 वॅटला पुरेल असे कागदावर दिसते. परंतु बंद पेटीत अर्धा-पाऊण तास सतत प्रवाह वाहिला म्हणजे ती तापते. म्हणून गीझरसाठी 16 अँपिअरहून कमी क्षमतेची कळ मुळीच घेऊ नये.

या कळीच्या आत धातूचे दोन लहान ठिपके असतात. ते एकमेकांस टेकले की प्रवाह सुरू होतो, दूर झाले की थांबतो. दूर होताना प्रत्येक वेळी ठिणगी पडते. भार जास्त असल्यास कालांतराने हे ठिपके वितळून एकमेकांस चिकटतात. मग मोबाईलवर ‘बंद’ असे दिसते आणि गीझर मात्र चालूच राहतो! घरी कोणी नसता असे घडल्यास पुढील सारी भिस्त गीझरमधील थर्मोस्टॅट, तापमान अति वाढल्यास प्रवाह तोडणारी कळ आणि दाब सोडणारी झडप यांवर राहते. त्यांपैकी एकही काढून टाकू नये वा बांधून ठेवू नये.

3000 वॅटच्या गीझरसाठी अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे 25 अँपिअरचा दोन ध्रुवांचा कॉन्टॅक्टर बसविणे. बिनतारी कळ फक्त त्याचे वेटोळे चालविते आणि मोठा भार कॉन्टॅक्टर उचलतो. जेथे विजेचा दाब वरचेवर फार खाली जातो, तेथे मात्र कॉन्टॅक्टर खडखडतो व त्याचेही ठिपके जळतात. तेथे आधी दाबाची तक्रार दूर करून घ्यावी. गीझरच्या मंडलास 2.5 चौरस मिलिमीटरहून बारीक तांब्याची तार वापरू नये, अंतर लांब असल्यास 4 ची घ्यावी. चांगले भूसंयोजन आणि 30 मिलिअँपिअर गळतीस तुटणारा आरसीसीबी अत्यावश्यक आहेत. ही कामे परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावीत.

स्नानापूर्वी गीझर बंद करावा, ही जुनी सवय बिनतारी कळ आल्यावर धोक्यात येते. आत कोणी स्नान करीत असता शेतावरील माणूस नकळत गीझर चालू करू शकतो. यास्तव न्हाणीघराबाहेर, बिनतारी कळीच्या आधी, तांबड्या दिव्याची साधी दोन ध्रुवांची हातकळ असलीच पाहिजे. आत जाणाऱ्याने ती स्वतः बंद करावी, म्हणजे मोबाईलचा हुकूम तेथेच अडेल. पाहुण्यांनाही हे दाखवून द्यावे.

वीज जाऊन परत आल्यावर बिनतारी कळ कोणत्या स्थितीत येते, हेही तपासावे. ‘बंद’ हीच स्थिती निवडावी. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास सुमारे 0.7 युनिट वीज लागते. म्हणजे 2000 वॅटच्या गीझरला सुमारे 21 मिनिटे पुरतात. तेव्हा अर्ध्या तासाने आपोआप बंद होण्याची वेळ लावावी आणि ती कळीतच साठविली जाते की इंटरनेटवर अवलंबून राहते, याची राउटर बंद करून परीक्षा घ्यावी. वरची टाकी रिकामी असेल त्या दिवशी हातकळ बंदच ठेवावी.

बादलीत सोडावयाच्या तापसळईस बिनतारी कळ कधीही जोडू नये. पाणी नसलेल्या बादलीत ती दूरवरून चालू झाल्यास आग लागण्यास वेळ लागत नाही.

महिन्यातून एकदा मोबाईलवरून बंद करून गीझरवरील दिवा खरोखर विझतो का, हे घरातील माणसाने जवळ जाऊन पाहावे. कळीची पेटी कोमट न राहता हातास चटका देत असेल किंवा तिला जळका वास येत असेल, तर मुख्य कळ बंद करून त्याच दिवशी तारतंत्र्यास बोलवावे.